ब्रिटिश रणगाडे, दोन फासे आणि येलदरीची काळी माती

कॉम्प्युटरवर रणगाड्याचा गेम खेळला नाही असा मुलगा आपल्या होस्टेलमध्ये शोधूनही सापडणार नाही. बटण दाबलं की रणगाडा पळतो, क्लिक केलं की गोळा सुटतो, आणि स्क्रीनवर पॉइंट वाढत जातात. पण त्या स्क्रीनमागे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की कोणत्या रणगाड्याला किती ताकद द्यायची. ते कसं ठरवतात? आकडे कुठून येतात? आणि ते खरे आहेत हे कशावरून समजायचं?

या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतील तर कॉम्प्युटर बाजूला ठेवून कागद, पेन्सिल आणि दोन फासे घेऊन बसावं. गेली दोन वर्षं आम्ही चार मित्र असा एक खेळ खेळतो आहोत. त्यासाठी मी ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्यांची 'कार्डं' तयार केली. हे काम म्हणजे मेकॅनिकल, सिव्हिल आणि प्रोबॅबिलिटी या तिन्ही विषयांची चांगली उजळणी आहे. कसं ते पाहू.

हा खेळ आला कुठून?

युद्धाचा खेळ ही नवी गोष्ट नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात रायसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच असा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मांडला. पुढे १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात खेळाडू पूर्ण सैन्य न चालवता एकाच माणसाची भूमिका घेतो. हाच रोल प्लेइंग गेम. १९८४ साली 'ट्वायलाइट २०००' या खेळाने ही कल्पना आधुनिक सैनिकांवर लावली. महायुद्धानंतर मागे राहिलेली सैनिकांची तुकडी, संपत आलेलं डिझेल, आणि गाडी चालवायला स्वतः गाळलेलं अल्कोहोल! त्या खेळात गोळ्यांइतकाच इंधनाचा आणि देखभालीचा हिशोब ठेवावा लागतो. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना आवडेल असाच प्रकार.

या खेळात एकजण नकाशा आणि परिस्थिती सांभाळतो. त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आम्ही 'सूत्रधार' म्हणतो.

ब्रिटिशच रणगाडे का?

एक तर रणगाडा ही वस्तूच ब्रिटिशांची. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा मैदानात उतरला. गुप्तता राखण्यासाठी कारखान्यात त्याला 'टँक' म्हणजे पाण्याची टाकी म्हणत, तेच नाव चिकटलं. दुसरं कारण आपलं आहे. आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ ची युद्धं ज्या रणगाड्यांवर लढली त्यातला सेंच्युरियन ब्रिटिश होता, आणि चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार झालेला विजयंता हा ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या डिझाइनवर आधारलेला होता. असे दोन हजारांहून अधिक विजयंता तयार झाले. माझे मामा त्यावर ड्रायव्हर होते. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आता चार रणगाड्यांची मूळ माहिती पाहू. आकडे सर्वसाधारण आहेत, मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात.

सेंच्युरियन : वजन ५१ टन, इंजिन ६५० अश्वशक्ती, वेग ताशी ३५ किमी.
विजयंता : वजन ३९ टन, इंजिन ५३५ अश्वशक्ती, वेग ताशी ४८ किमी.
चिफ्टन : वजन ५५ टन, इंजिन ७५० अश्वशक्ती, वेग ताशी ४८ किमी.
चॅलेंजर २ : वजन ६२.५ टन, इंजिन १२०० अश्वशक्ती, वेग ताशी ५९ किमी.

चारही रणगाड्यांत माणसं चारच : कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर.

पायरी पहिली : वेग आणि ताकद

नकाशावरचा एक चौकोन १०० मीटरचा आणि एक डाव ३० सेकंदांचा धरला. ताशी ३५ किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ९.७ मीटर, म्हणजे ३० सेकंदांत २९० मीटर. सेंच्युरियनला रस्त्यावर ३ चौकोन मिळाले. याच हिशोबाने विजयंता आणि चिफ्टनला ४, चॅलेंजर २ ला ५. शेतात निम्मे.

पण नुसत्या वेगाने भागत नाही. चढ चढायचा, नाल्यातून बाहेर पडायचं, तर टनामागे किती अश्वशक्ती आहे ते पाहावं लागतं. सेंच्युरियन १२.७, चिफ्टन १३.६, विजयंता १३.७ आणि चॅलेंजर २ चक्क १९.२. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन हे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवरचं रूप. पेट्रोल पिण्यात पटाईत, पण विश्वासू. उलट चिफ्टन आणि विजयंतातलं लेलँड एल-६० हे एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन असलेलं टू-स्ट्रोक इंजिन. सहा सिलिंडर, बारा पिस्टन! कागदावर सुंदर, पण चिफ्टनमध्ये त्याच्या बिघाडांनी ब्रिटिशांना पुरतं जेरीस आणलं. म्हणून कार्डावर 'भरवसा' हा रकाना हवाच. प्रत्येक मोहिमेच्या सुरुवातीला फासे टाकायचे. एल-६० वाल्यांना २ ते ४ पडलं तर गाडी वर्कशॉपमध्ये.

पायरी दुसरी : चिलखत

इथे बारावीची त्रिकोणमिती उपयोगी पडते. पत्रा तिरपा बसवला की गोळ्याला आडव्या रेषेत जास्त लोखंड कापावं लागतं. प्रत्यक्ष जाडी भागिले कॉस थीटा. सेंच्युरियनच्या पुढच्या तिरप्या पत्र्याची जाडी ७६ मिमी आणि उभ्या रेषेपासून तिरपेपणा सुमारे ५७ अंश. कॉस ५७ म्हणजे ०.५४५. म्हणजे परिणामी जाडी जवळजवळ १४० मिमी. पत्रा जाड न करता परिणामी जाडी दुप्पट होण्याच्या जवळ! टरेटचा पुढचा भाग मात्र सरळ १५२ मिमी. विजयंतात वेगासाठी वजन कमी केलं, म्हणून जास्तीत जास्त जाडी ८० मिमीच. चॅलेंजरपासून लोखंडाबरोबर इतर पदार्थांचे थर वापरलेलं चोभम चिलखत आलं. तिथे मिलिमीटरचा हिशोब संपतो. कार्डावर मी त्याला सरळ सर्वात वरचा दर्जा दिला.

पायरी तिसरी : नेम

दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे ५८ टक्के. ८ साठी ४२ टक्के, ९ साठी २८ टक्के. एका अंकाने एवढा फरक पडतो हे लक्षात ठेवा. थांबलेल्या रणगाड्याने मारलं तर ७ हवेत, चालत्या रणगाड्याने मारलं तर ९. सेंच्युरियनच्या तोफेला स्टॅबिलायझर होता, म्हणून त्याला चालताना ८. विजयंतावर अंतर मोजायला १२.७ मिमीची मशीनगन तोफेला जोडलेली होती. आधी चमकणाऱ्या गोळ्या सोडायच्या, त्या लागल्या की मोठा गोळा. म्हणून विजयंताचा दुसऱ्या डावातला नेम एक अंकाने सोपा.

इथपर्यंत काम कुठल्याही गेममध्ये होतं. बरेचसे गेम इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे.

पायरी चौथी : जमीन

आमचं गाव येलदरी. परभणी जिल्हा, तालुका जिंतूर. पूर्णा नदीवरचं मातीचं मोठं धरण आणि त्याखालचं वीज केंद्र यामुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमच्या खेळाचा नकाशा मी येलदरी परिसराचा केला, कारण कोणत्या शेतात पावसाळ्यात ट्रॅक्टर फसतो हे मला पाठ आहे. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी, भेगा इतक्या की पाय जावा. आणि पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि चपलेला किलोकिलोने चिकटते. सिव्हिलच्या मित्रांनी तिची भिजल्यानंतरची सीबीआर लॅबमध्ये काढून पाहिलीच असेल. आकडा लिहितानाही लाज वाटते!

आता ग्राउंड प्रेशर काढू. सेंच्युरियनचा पट्टा ६१ सेंमी रुंद, जमिनीला टेकलेली लांबी सुमारे ४५७ सेंमी, असे दोन पट्टे. क्षेत्रफळ ५५,७५४ चौरस सेंमी. ५१,००० किलोला त्याने भागलं की ०.९१ किलो प्रति चौरस सेंमी. विजयंताचे पट्टे ५२ सेंमीचे, टेकलेली लांबी ४२८ सेंमी, म्हणजे ०.८८. चॅलेंजर २ जवळजवळ १. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर साधारण ०.४ येतं. म्हणजे ५१ टनांचं धूड आपल्या फक्त सव्वादोन पट दाबाने उभं असतं. पट्ट्यांची ही करामत. अर्थात हा सरासरी दाब झाला. प्रत्येक चाकाखाली तो बराच जास्त असतो.

खेळातला नियम असा : भिजलेल्या काळ्या मातीत प्रत्येक चौकोनाला फासे टाकायचे. २ ते ४ पडलं की रणगाडा रुतला. शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे एक षष्ठांश. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाच चौकोन, म्हणजे अर्धा किलोमीटर जायचं असेल तर न रुतता पोचण्याची शक्यता पाच षष्ठांशाचा पाचवा घात, म्हणजे फक्त ४० टक्के! दाब ०.९५ च्या वर असेल तर २ ते ५ ला रुततो. तेव्हा पाच चौकोन पार होण्याची शक्यता २० टक्क्यांवर येते. बाराशे अश्वशक्तीचा चॅलेंजर आमच्या गावच्या शेतात असा अडकतो.

पुलाचा प्रश्न

शेत नको म्हणून रस्त्याने जावं तर नाल्यावर पूल येतो. इथे सिव्हिलवाल्यांची कॉलर ताठ होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या क्लास ७० आर लोडिंगमध्ये आपण पुलावरून एक काल्पनिक रणगाडा चालवतो, आठवतं? वजन ७० टन, पट्ट्याची टेकलेली लांबी ४.५७ मीटर, रुंदी ०.८४ मीटर. दाब काढून पाहा. ०.९१ येतो, सेंच्युरियनइतकाच, आणि टेकलेली लांबीही तीच! म्हणजे परीक्षेत ज्या गाडीसाठी आपण गर्डर डिझाइन करतो ती खऱ्या रणगाड्यांच्याच कुळातली. मोठे पूल म्हणून चॅलेंजरलाही चालतात. गावातल्या जुन्या नळकांडी पुलांची क्षमता मात्र सूत्रधार गुपचूप ठरवतो आणि खेळाडूंनी ती अंदाजाने ओळखायची. सिव्हिलचा मित्र ज्या टीममध्ये, तिचा फायदा.

परीक्षा : असल उत्तर

आता मुख्य प्रश्न. हे मॉडेल बरोबर आहे हे कशावरून? लॅबमध्ये आपण थिअरीचं उत्तर प्रत्यक्ष रीडिंगशी ताडून पाहतो. इथे रीडिंग म्हणजे घडून गेलेली लढाई. मी घेतली ८ ते १० सप्टेंबर १९६५ ची पंजाबात खेमकरणजवळ झालेली असल उत्तरची लढाई.

समोर पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन, अमेरिकन पॅटन रणगाडे घेऊन. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले जुने शेरमन. ही डेक्कन हॉर्स आपल्याला परकी नाही. तिचं मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात आहे, आणि या कंटिंजंटची एक छावणी येलदरीच्या शेजारी हिंगोलीला होती.

कार्डं समोरासमोर ठेवा. एम ४८ पॅटन : वजन ४७ टन, ८१० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे १७. वेग ताशी ४८ किमी. ग्राउंड प्रेशर ०.८३, सेंच्युरियनपेक्षा कमीच. शिवाय अंतर मोजायला रेंजफाइंडर. कागदावर जवळजवळ प्रत्येक रकान्यात पॅटन पुढे. पहिल्या तीन पायऱ्यांवर खेळ खेळलात तर पॅटनवालाच जिंकणार.

प्रत्यक्षात काय झालं? आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं, आणि उंच उसात रणगाडे लपवून वाट पाहिली. पॅटन चिखलात शिरले, फसले आणि जवळच्या अंतरावरून टिपले गेले. पाकिस्तानचे सुमारे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले असा भारतीय आकडा आहे. जीपवरच्या रिकॉइललेस गनने पॅटन उडवणारे हवालदार अब्दुल हमीद यांना याच लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

म्हणजे चिखलात कमी दाबाचा पॅटन फसला आणि जास्त दाबाचा सेंच्युरियन वाचला! कारण सोपं आहे. सेंच्युरियनला चिखलातून जायचंच नव्हतं. पॅटनला पाच चौकोन चालायचे होते, तर सेंच्युरियनला थांबून ७ टाकायचे होते. चालणाऱ्याचा नेम २८ टक्के, थांबलेल्याचा ५८. त्यात उसामुळे लांबून मारा करण्याचा रेंजफाइंडरचा फायदाही संपला. चौथी पायरी आणि 'आधी कोण कुणाला पाहतो' हा नियम घातला की आमच्या टेबलावरही लढाई असल उत्तरसारखी वळते. यंत्राचा आकडा एकटा काही सांगत नाही. ते यंत्र कुठल्या जमिनीवर, कुठल्या कामाला लावलंय हे त्याच्या शेजारी लिहावं लागतं. हे मला या सगळ्या खटाटोपातून मिळालेलं सर्वात मोठं शिक्षण.

चार माणसं

दुसरी गोष्ट मामांनी शिकवली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना कार्डं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "लेका, कागदावर तोफच मोठी दिसती. आत बसल्यावर आधी कान लागतेत. कमांडर काय म्हणायलाय ते ऐकू आलं नाही, तर तुझी तोफ काय कामाची?"

त्यावरून आम्ही चौघांनी चार भूमिका घेतल्या. ड्रायव्हरला सूत्रधार फक्त पुढचा एक चौकोन दाखवतो. गनरला तोफेच्या दिशेची एक ओळ. लोडरला काहीच दिसत नाही, तो फक्त उरलेले गोळे मोजतो. सगळं दिसतं ते कमांडरला, पण त्याच्या हातात ना स्टिअरिंग ना ट्रिगर. आणि एका डावात त्याला फक्त सहा शब्द बोलायची परवानगी! एकदा खेळून पाहा. चार हुशार मुलं मिळून एक रणगाडा सरळ रेषेत नेऊ शकत नाहीत. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

जाता जाता, सेंच्युरियनपासून ब्रिटिश रणगाड्यांत आतच पाणी उकळायचं विजेचं भांडं असतं, चहासाठी. आमच्या नियमात चहा घेतलेल्या क्रूला दिवसातून एकदा फासे पुन्हा टाकता येतात. हा नियम एकमताने पास झाला.

जिथे गुण मोजत नाहीत

एक प्रश्न मात्र फाशांनी सुटत नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढत होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा आदेश आला, पण तोफ चालू आहे म्हणून ते थांबले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांनी १९६५ मध्ये जखमी असूनही मागे जायला नकार दिला आणि पाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, ते रणांगणावर पडले. दोघांनाही परमवीर चक्र. खेत्रपाल तेव्हा आपल्यातल्या लास्ट इयरच्या मुलाएवढे होते.

या प्रसंगाला खेळात किती पॉइंट द्यायचे? आमच्यात यावर बरीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं, थांबणाऱ्याला दुप्पट द्या. दुसरा म्हणाला, मग सगळेच थांबतील, कारण इथे कुणी मरत नाही. शेवटी असं ठरलं की रणगाडा पेटला की प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं, थांबणार की बाहेर पडणार. चिठ्ठ्या उघडायच्या, परिणाम भोगायचा, पण त्याला पॉइंट नाहीत. कमी नाहीत, जास्त नाहीत.

मामांनी हा नियम ऐकला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि जखमी माणसाला बाहेर काढायचा नियम कुठंय?" तो त्यांनीच सांगितला. जखमीला टरेटमधून वर ओढायला दोघं लागतात आणि एक पूर्ण डाव जातो, आणि त्या डावात तोफ बंद राहते. आता तो आमच्या नियमांच्या पहिल्या पानावर आहे. तो आल्यापासून पेटलेल्या रणगाड्याच्या डावात टेबलावर कुणी हसत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर

सुरुवात एकाच कार्डाने करा. वजन, अश्वशक्ती, पट्ट्याची रुंदी आणि टेकलेली लांबी एवढं मिळालं की पुरे, बाकी कॅल्क्युलेटर करेल. नकाशा स्वतःच्या गावाचा घ्या, कारण तिथली जमीन तुम्हाला गुगलपेक्षा चांगली माहीत असते. मग एखादी खरी लढाई घेऊन आपलं मॉडेल ताडून पाहा. उत्तर जुळलं नाही तर इतिहासाला दोष न देता नियम बदला.

आणि जमलं तर एकदा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जाऊन या. तिथलं १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय अवश्य पाहा. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता, सगळी मंडळी उघड्यावर रांगेत उभी आहेत. खेत्रपालांचा फामागुस्ताही त्याच गावी, आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे. सोबत टेप घेऊन जा. पट्ट्याची रुंदी मोजा. आणि एकदा वर टरेटच्या झाकणाकडे पाहून, तिथून दोघांनी मिळून एका जखमी माणसाला कसं बाहेर काढत असतील, याचाही विचार करा.